जखमी सशाचा उपचार व त्याचा निर्णय

घरीं पाळलेल्या प्राण्याला मोठी इजा झाली असतां काय करावें, हा प्रश्न क्रमिक पुस्तकांत येत नाहीं. पण आयुष्यांत तो येतो, आणि बहुधा दवाखाने बंद झाल्यावरच येतो. सशाच्या बाबतींत तो विशेष कठीण होतो. गाय हंबरते, कुत्रें कण्हतें. ससा मात्र अंग आखडून कोपऱ्यांत गप्प बसतो. ज्याला चहूंकडून शत्रूंचें भय, त्या प्राण्यास आपली दुर्बलता उघड करणें परवडत नाहीं. म्हणून वेदना लपविण्याची संवय त्याच्या रक्तांतच उतरली आहे. तेव्हां 'तो शांत आहे, अर्थात् त्याला फारसें लागलें नाहीं' हें अनुमान सर्वांत घातक होय. अर्धवट मिटलेले डोळे, पाठीशीं दाबलेले कान, आवळलेले गाल आणि दांतांची करकर, हीच त्याची भाषा समजावी.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडील माळरानांत दिसणारा रानससा निराळा, व पिंजऱ्यांतील पाळीव ससा निराळा. पाळीव ससा हा युरोपांतील बिळांत राहणाऱ्या जातीचा वंशज असून त्याचें पिल्लू आंधळें व उघडें जन्मतें. रानसशाचें पिल्लू अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनीं जगांत येतें. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. तो जखमी सांपडल्यास वनखात्यास कळवावें, घरीं ठेवूं नये. येथें विचार करावयाचा तो पाळलेल्या सशाचा.

समजा, खुलताबादेंतील एखाद्या अंगणांत भटक्या कुत्र्यानें ससा धरला आणि घरच्यांनीं आरडाओरड करून तो सोडविला. मागचा पाय लोंबत आहे, केसांना रक्त लागलें आहे. अशा वेळीं त्याला कान धरून उचलूं नये. एक हात छातीखालीं व दुसरा मागच्या पायांखालीं घालून, जुना पंचा अंथरलेल्या पुठ्ठ्याच्या पेटींत ठेवावें. रक्त वाहत असेल तेथें स्वच्छ फडकें दाबून धरावें. पेटी उबदार व अंधारी असावी, आणि शेजारच्या मुलांचा घोळका दूर ठेवावा. भीतीनेंही ससा दगावतो. कुत्र्याच्या दांताचें भोंक वरून लहान दिसलें तरी आंतील मांस दूरवर फाटलेलें असतें, म्हणून हळद दाबून तें झांकूं नये. वैद्याला तें स्पष्ट दिसलें पाहिजे. घरांतील माणसांच्या गोळ्या तर मुळींच देऊं नयेत. पेनिसिलीनच्या वर्गांतील औषधें आपल्याला तारतात. पण तींच सशाच्या पोटांत गेलीं कीं त्याच्या आंतड्यांतील उपकारक जंतू मरून विषारी जंतूंचें राज्य होतें, आणि जखमेनें न मेलेला ससा औषधानें मरतो.

तालुक्याच्या गांवीं पशुवैद्याचा हात मुख्यतः गाई, म्हशी व शेळ्या यांवर बसलेला असतो, आणि तें स्वाभाविकच आहे. हाडाचें चित्र घेणें किंवा शस्त्रक्रिया करणें असेल तर बहुधा दौलताबादचा घाट उतरून सुमारें २५ किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर गांठावें लागतें. निघण्यापूर्वीं दूरध्वनीवरून 'आपण सशावर उपचार करतां काय?' एवढें विचारून घ्यावें. घाटांतील प्रत्येक धक्का मोडलेल्या हाडाला लागतो. तो निष्कारण लागूं देऊं नये. गांवांतील वैद्यानें निघण्याआधीं वेदनाशामक टोचलें तर फारच उत्तम.

आतां निर्णयाकडे वळूं. माझें स्पष्ट मत असें आहे कीं, पहिल्या तासांत जगविण्याचा वा मारण्याचा कोणताही निर्णय करूं नये. त्या तासांत आपण पाहतों तें सशाचें भवितव्य नव्हे. तो त्याला बसलेला धक्का असतो, आणि आपल्याला बसलेलाही. वेदना शमवावी, ऊब द्यावी, शरीरांत द्रव जावा, मग पाहावें. ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत भूल दिल्यामुळें दगावणाऱ्यांचें प्रमाण कुत्र्यांत शेंकडा ०.१७, मांजरांत ०.२४, तर सशांत १.३९ आढळलें, आधींच आजारी असलेल्या सशांत तें शेंकडा ७ च्याही वर गेलें. यास्तव ढांसळलेल्या सशावर घाईनें शस्त्र चालविण्यापेक्षां आधीं त्याला सांवरणें हाच शहाणपणा ठरतो.

हाड थांबतें, पोट मात्र थांबत नाहीं. सशाचें आंतडें सतत हलतें राहिलें पाहिजे. दुखण्यामुळें त्यानें बारा तास तोंडांत कांहीं घेतलें नाहीं तर आंतडें मंदावतें, वायू धरतो, आणि त्यांतच त्याचा अंत होऊं शकतो. त्याला वांती होत नाहीं, म्हणून भुलेपूर्वीं कुत्र्याला उपाशी ठेवतात तसें त्याला ठेवण्याचें कारण नसतें. वैद्यानें पोट तपासून परवानगी दिल्यावर पातळ अन्न पिचकारीनें थोडें थोडें भरवावें, कोवळें गवत नाकाशीं धरावें, आणि लेंड्या पडतात कीं नाहीं हें रोज पाहावें.

केवळ पाय मोडला असेल तर आशेला पुष्कळ जागा आहे. सशाचा सांगाडा फार हलका, त्याच्या वजनाच्या शेंकडा ८ च्या आसपास. त्यामुळें हाडाच्या ठिकऱ्या होतात व सळई बसविणें अवघड जातें. पण पाय काढून टाकावा लागला तरी बहुतेक ससे तीन पायांवर चालूं लागतात. मागचा पाय गेलेल्या सशाला त्या बाजूचा कान खाजवितां येत नाहीं, तो मालकानें साफ करावा लागतो. आणि उरलेल्या तळव्याला फरशी लागून जखम होते, म्हणून मऊ अंथरूण हवें. ससा आठ-दहा वर्षें जगूं शकतो, तेव्हां एक वर्षाच्या सशासाठीं हा खटाटोप थोडा नव्हे, पण व्यर्थही नव्हे.

पाठीचा कणा मोडला असतां गोष्ट बदलते. भ्यालेला ससा मागच्या पायांनीं जोरानें झटका देतो व कमरेजवळ कणा तुटतो. कुत्र्यानें न धरतांही हें घडतें. बोट चिमट्यानें दाबलें असतां त्याला वेदना कळत असेल तर सूज उतरेपर्यंत कांहीं दिवस वाट पाहणें योग्य. ती मुळींच कळत नसेल आणि मूत्रावरचा ताबाही गेला असेल, तर दिवसांतून कित्येकदां मूत्राशय हातानें रिकामा करणें, अंग धुणें व कोरडें ठेवणें हें महिनोन् महिने करावें लागतें. ओल्या केसांवर माशी बसली कीं एका दिवसांत अळ्या पडतात. पावसाळ्यांत हें आपल्याकडे किती सहज होईल तें सांगावयास नको.

म्हणून घरांत विचारावयाचा प्रश्न 'ससा वांचेल काय?' एवढाच नाहीं. वांचल्यावर त्याचें रोजचें जिणें कसें असेल, व तें काम कोण करील, हा आहे. शाळा व परीक्षा असतां पहांटे उठून कोण धुणार? 'मी करीन' असें रडतांना म्हणणें सोपें असतें. दोनशे रुपयांच्या सशावर हजारों कां घालावे, असें वडीलधारीं माणसें विचारतात. सशाची किंमत बाजारांतल्या भावानें ठरत नाहीं हें खरें. पण घरच्या मिळकतीचा हिशेब करणाऱ्या बापाला निर्दय म्हणणेंही अन्याय्य आहे. १९६० च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमानें प्राण्याच्या पालकावर त्याच्या सुखाची व निष्कारण यातना टाळण्याची जबाबदारी घातली आहे. खर्च झेपत नसेल तर शस्त्रक्रिया टळेल; त्याला तळमळत कोपऱ्यांत ठेवून देण्याची मुभा मात्र मिळत नाहीं.

याच प्रश्नानें १९२८ सालीं साऱ्या देशांत खळबळ उडविली होती. साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं जबर जखमी होऊन पडलें होतें. कूस बदलतांनाही त्याला असह्य कळा येत. शुश्रूषा झाली, उपचार झाले, वैद्यानें आशा सोडली, आश्रमांत चर्चा झाली. तेव्हां गांधीजींनीं स्वतः समक्ष राहून डॉक्टराकडून त्याला विषाची सुई टोचविली आणि 'नवजीवना'त तें उघडपणें लिहिलें. अहिंसेच्या उपासकानें वासरूं मारविलें म्हणून त्यांच्यावर रागाच्या पत्रांचा वर्षाव झाला. तो वाद अजून मिटलेला नाहीं, व आपणांपैकीं कित्येकांच्या घरीं तो दोन्ही बाजूंनीं मांडला जाईल. मला त्यांतील क्रम महत्त्वाचा वाटतो: सुई सर्वांच्या शेवटीं आली, आणि टोचविणारा तेथून उठून गेला नाहीं.

तशी वेळ आलीच तर तें काम पशुवैद्याचेंच आहे. घरगुती उपाय क्रूर ठरतात. वैद्य आधीं गुंगी आणतो व नंतर औषध टोचतो. सशाला ओळखीच्या हातांत राहूं द्यावें. त्याच्या जोडीचा दुसरा ससा असेल तर त्याला मृत सशाजवळ कांहीं वेळ सोडावें. तो हुंगतो, भोंवतीं फिरतो व मग आपणच दूर होतो, अन्यथा जोडीदाराला शोधीत खाणें सोडण्याचा संभव असतो. पुरण्याचा खड्डा खोल घ्यावा, कारण त्या औषधाचें विष देहांत टिकून राहतें आणि उथळ पुरलेलें कुत्रीं रात्रींतून उकरून काढतात.