चाल केली, पण पोहोचली नाही

प्रश्न : निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी लॅपटॉपवर, ब्राउझरमधूनच, बुद्धिबळाचे तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतो. नेमका डाव रंगात आला की पटाच्या कोपऱ्यात ‘पुन्हा जोडत आहे’ असं दिसू लागतं. माझं घड्याळ मात्र पळतच राहतं आणि जिंकत आलेला डाव वेळ संपून जातो. त्याच वेळी शेजारच्या खोलीत नातू व्हिडिओ बघत असतो, त्याचं काहीच अडत नाही. नेट 100 एमबीपीएसचं आहे. कंपनीचा माणूस येतो, स्पीड टेस्ट करतो, ‘सगळं ठीक आहे’ म्हणतो आणि जातो. मग दोष नक्की कुठे आहे? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. नातवाचा व्हिडिओ चालतो म्हणजे नेट चांगलं, हा सर्वांचाच समज असतो. स्पीड टेस्ट करणारा माणूसही तोच धरून चालतो. पण व्हिडिओला लागतं एक आणि बुद्धिबळाला लागतं दुसरंच.

व्हिडिओ पुढचे कित्येक सेकंद आधीच उतरवून ठेवतो. सकाळी नळ आला की आपण टाकी भरून ठेवतो, मग दुपारी नळ गेला तरी घरात कळत नाही, तसंच हे. बुद्धिबळात ही सोय नाही. प्रतिस्पर्ध्याने जी खेळी अजून केलेलीच नाही, ती आधीपासून साठवणार कशी? एका खेळीचा मजकूर अगदी चिमूटभर असतो, त्यासाठी 100 एमबीपीएसची गरज कधीच पडत नाही. गरज असते ती हा चिमूटभर मजकूर प्रत्येक वेळी तत्काळ आणि न चुकता पोहोचण्याची. स्पीड टेस्टचा मोठा आकडा याबद्दल काही सांगत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. नेटवर माहिती छोट्या पाकिटांतून जाते आणि अधूनमधून एखादं पाकीट हरवतं. व्हिडिओची पाकिटं एकामागून एक येत असतात, त्यामुळे मधलं एक गळालं की पाठोपाठच्या पाकिटांवरून ते लगेच लक्षात येतं आणि पुन्हा मागवलं जातं. तुमच्या खेळीमागे मात्र दुसरं काही येत नसतं. त्यामुळे पोच न मिळाल्याची ठरावीक मुदत संपेपर्यंत संगणक वाट बघतो आणि मग ती खेळी पुन्हा पाठवतो. तीही हरवली तर पुढची मुदत दुप्पट होते. थोडीशी गळती नातवाला जाणवत नाही, पण तीच तुमचे दोन-चार सेकंद खाते. तीन मिनिटांच्या डावात तेवढ्यात हार-जीत ठरते.

तुम्ही खेळाच्या साइटचं नाव कळवलेलं नाही, म्हणून लिचेसचं उदाहरण घेतो. तिचे मुख्य सर्व्हर फ्रान्समध्ये आहेत. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई ते पॅरिस सरळ रेषेत सुमारे 7,000 किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन निदान 70 मिलिसेकंद लागणारच. केबल सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्त लागतात. हा उशीर कोणी टाळू शकत नाही. त्याची काही मर्यादेपर्यंत भरपाई लिचेस घड्याळात परत देतं. खरं घड्याळ सर्व्हरवर चालतं आणि तुमच्या पडद्यावर दिसतो तो त्याचा अंदाज. म्हणून कायमचा थोडा उशीर फारसा छळत नाही. छळतो तो लहरी उशीर : आत्ता 150 मिलिसेकंद, पुढच्या क्षणी 3 सेकंद.

तो शोधायला कोणाला बोलवावं लागत नाही. जेव्हा त्रास होतो त्याच वेळी, म्हणजे संध्याकाळी, विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडा. ‘पिंग’ हा शब्द इंग्रजीत लिहा, एक जागा सोडून राउटरचा पत्ता लिहा आणि एंटर दाबा. तो पत्ता बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतो, राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला मिळेल. विंडोज चार वेळा हाक मारून थांबतं, म्हणून हे पाच-सहा वेळा करा. मग तेच 8.8.8.8 या पत्त्यावर करा, तो गूगलचा आहे आणि तुमच्या घराबाहेरचा आहे.

राउटरकडून उत्तर पाच-दहा मिलिसेकंदांच्या आत यायला हवं. तिथेच आकडा शंभर-दोनशेवर उड्या मारत असेल किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल, तर दोष तुमच्या घरातल्या वायफायचा आहे आणि कंपनीला फोन करून काही होणार नाही. जाड भिंती, शेजाऱ्यांचे राउटर, 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच काम करणारा मायक्रोवेव्ह, ही नेहमीची कारणं. राउटरजवळ बसत असाल तर 5 गिगाहर्ट्झवर जा. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे लॅनची वायर. माझं मत विचाराल तर जो गंभीरपणे खेळतो त्याने वायरच लावावी.

राउटर शांत आणि 8.8.8.8 बेभान असेल, तर दोष बाहेरच्या लाइनचा किंवा घरातल्या गर्दीचा. गर्दीचं कारण आधी तपासा, कारण ते आपल्या हातात असतं. संध्याकाळी घरी आलेले फोन दिवसभरचे फोटो गुपचूप क्लाउडवर चढवू लागतात, बाहेर जाणारी वाट भरते आणि तुमची खेळी त्या रांगेत सर्वांत मागे उभी राहते. तो बॅकअप रात्रीवर ढकला. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ची सोय असेल तर लॅपटॉपला अग्रक्रम द्या. हे करूनही आकडे उसळत असतील तर त्या वेळचे फोटो काढून ठेवा. स्पीड टेस्टसमोर तक्रार टिकत नाही, पण घरातले नीट आणि बाहेरचे बिघडलेले आकडे शेजारी ठेवले की टाळाटाळ करता येत नाही.

दोन्ही आकडे स्थिर असतील तेव्हाच ब्राउझरकडे वळा. ‘इनकॉग्निटो’ खिडकीत खेळून बघा. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. तिथे नीट चाललं तर जाहिराती अडवणारं किंवा तसलं एखादं एक्स्टेन्शन गुन्हेगार आहे, एकेक करून बंद करत शोधा. व्हीपीएन असेल तर बंद करा. पट अर्धवट दिसत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा, म्हणजे पान नव्याने उतरेल. आणि डाव चालू असताना दुसऱ्या टॅबमध्ये रमू नका. जानेवारी 2021 मध्ये आलेल्या 88व्या आवृत्तीपासून क्रोम पाच मिनिटं दडलेल्या शांत टॅबची अंतर्गत घड्याळं मिनिटाला एकदाच चालू देऊ शकतं. बॅटरी वाचते, पण संथ डावात टॅब झाकून ठेवणाऱ्याला ते महागात पडू शकतं.

एवढं सगळं करूनही दोष कधी कधी घरात, कंपनीत, साइटवर कुठेच नसतो. 30 ऑगस्ट 2020 रोजी फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या पहिल्या ऑनलाइन ऑलिम्पियाडचा अंतिम सामना भारत आणि रशिया यांच्यात होता. भारताचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली आणि दोघांचे डाव वेळ संपून गेले. त्या दिवशी सेंच्युरीलिंक या अमेरिकी कंपनीच्या जाळ्यात एक चुकीची सूचना पसरली होती आणि जगभरातल्या वाहतुकीला फटका बसला होता. भारताने दाद मागितली. फिडेचे अध्यक्ष अर्काडी ड्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं. दिव्या तेव्हा 14 वर्षांची होती. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

तुमच्या-माझ्या डावांना फिडेकडे दाद मागता येत नाही. त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत नुसत्या तीन मिनिटांऐवजी तीन मिनिटं आणि प्रत्येक चालीला दोन सेकंद, असे डाव निवडा. एखादा झटका बसला तरी शेवटाला हाताशी थोडा वेळ राहील. आणि 200 एमबीपीएसचा प्लॅन घ्यायचा विचार असेल तर तूर्त थांबा. आधी दोन्ही पत्त्यांचे संध्याकाळचे आकडे लिहून आम्हाला पाठवा, दोष कुठल्या टप्प्यात आहे ते त्यांवरून सांगता येईल.