पंचनाम्यात न मावलेलं

तळोद्याजवळ आमची केळी आणि पपई आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. वारा, गारा आणि अवकाळी सोसता सोसता पैशाबद्दल जे उमगत गेलं, ते इथे लिहितो आहे.

१. पाऊस किती पडला यापेक्षा कधी पडला, यावर नुकसान ठरतं.

जूनच्या शेवटी पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर गावात आनंद असतो. त्याच्या निम्मा पाऊस मार्चमध्ये आला तरी रडायची वेळ येते. मार्च २०२३ मध्ये ऐन होळीत नंदुरबार जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. गहू काढणीला आलेला, पपई झाडावर, नंदुरबारच्या पथारींवर मिरची वाळत पडलेली. बियाणं, खत, वीज, मजुरी असा सगळा खर्च तोवर करून झालेला असतो आणि हातात एक पैसाही आलेला नसतो. पेरणीनंतर पीक गेलं तर बियाण्याचे पैसे जातात. काढणीच्या तोंडावर गेलं तर वर्ष जातं. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, असं शास्त्र सांगतं. म्हणजे कोसळणारा पाऊस आणखी जोराने कोसळणार, आणि तो खरिपाचं वेळापत्रक बघून येणार नाही.

२. मदतीचा आकडा हेक्टरात ऐकू नका, झाडात मोजा.

आपत्ती निधीच्या २०२२ पासूनच्या निकषांत बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५०० रुपये धरले आहेत, तेही दोन हेक्टरांपर्यंत आणि नुकसान ३३ टक्क्यांवर असेल तरच. राज्य सरकार अधूनमधून त्यात भर घालतं, मर्यादाही वाढवतं. पण मूळ आकडा घेऊन गणित करा. दीड बाय दीड मीटरवर लावलेल्या केळीची हेक्टरी ४,४४४ झाडं होतात. झाडामागे पाच रुपये आले. एवढ्यात टिश्यू कल्चरचं रोपही येत नाही. त्या झाडाला वर्षभर दिलेलं पाणी, खत आणि निगराणी तर सोडाच. आणि केळीला जवळजवळ वर्ष लागतं. वाऱ्याने बाग आडवी झाली की अर्धवट भरलेल्या घडाला व्यापारी हात लावत नाही. ज्याची बाग उभी राहिली त्याला पुढे थोडा बरा भाव मिळतो, आणि बाजाराच्या सरासरीत सगळं ठीक दिसतं.

३. सगळ्यात मोठं नुकसान ज्याचं होतं, त्याचं नाव यादीत नसतं.

हे मला सर्वांत जास्त सलतं. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येतात, पंचनामा करतात, आणि तो सातबाऱ्यावरच्या नावाने होतो. माझं नाव त्यावर आहे, म्हणून थोडं का होईना मला मिळतं. निमबटाईने शेत करणाऱ्याने अर्धा खर्च घातलेला असतो, पण त्याचा हिस्सा तोंडी असतो. डोंगराच्या पायथ्याशी वनजमीन कसणाऱ्यांपैकी ज्यांचा २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा अजून लटकलेला आहे, त्यांनी कुठला कागद दाखवायचा? सालदाराचा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरलेला पगार निदान वर्षभर चालतो. रोजाने येणाऱ्या बाया-माणसांचं मात्र घड कापणं, वाहणं, गाडी भरणं हे सगळं काम एका रात्रीत संपतं. त्या मजुरीसाठी कुठल्याच पंचनाम्यात रकाना नाही.

मग मुकादमाची उचल घेतली जाते आणि कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जातं. सोबत शाळेत जाणारी मुलंही जातात. तळोद्यातल्या वादळाचं नुकसान असं वर्गातल्या गैरहजेरीत दिसतं, पण त्याला कोणी वादळाचं नुकसान म्हणत नाही.

४. महूफूल हेही पीकच आहे.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून वेचलेलं, अंगणात वाळवलेलं महूफूल आणि नंतर आमचूर, यावर डोंगरातल्या कितीतरी घरांचा पावसाळ्यापूर्वीचा खर्च निघतो. एका सरीत फूल काळं पडतं. वाऱ्यात कैरी झडते. नुकसानभरपाई शून्य, कारण ते शेतात पेरलेलं नाही.

५. रुपयांत मोजलं की गरिबाचं नुकसान लहान दिसतं.

ऑगस्ट २००६ मध्ये आमच्याच तापीने, उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने, सुरत शहराचा बहुतांश भाग बुडवला. ते भयंकरच होतं, आणि त्या नुकसानीचे आकडे देशभर गाजले. पण आपत्ती निधीच्या त्याच निकषांत वाहून गेलेल्या झोपडीचे ८,००० रुपये आणि शेळीचे ४,००० आहेत. एका पाड्यावरच्या दहा झोपड्या गेल्या तरी बेरीज लाखाला पोचत नाही. त्या दहा घरांचं मात्र होतं नव्हतं ते सगळं गेलेलं असतं.

६. लवकर आलेला थोडा पैसाही मोठा असतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात कष्टकरी महिलांच्या ‘सेवा’ संघटनेच्या गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या सदस्यांना तापमानाने ठरलेली हद्द ओलांडल्यावर थेट खात्यात पैसे मिळाले. पंचनामा नाही, सातबारा नाही. सावकाराच्या दारात जाण्याआधी पैसा हातात येणं यालाच खरी किंमत आहे. आमचा फळपीक विमाही मुख्यतः हवामानाच्या आकड्यांवर चालतो, पण ऊन तालुकाभर सारखं तापतं आणि वारा पट्ट्यातून जातो. एका शिवारातली केळी झोपते, शेजारची उभी राहते, आणि महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर काहीच नोंदलं जात नाही. म्हणून वारा मोजणारं यंत्र प्रत्येक गावात हवं आणि त्याचा रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला जायला हवा. आकडा हद्दीबाहेर गेला की पहिले पैसे बागेवरच्या मजुरांच्या खात्यात जावेत, माझे त्यानंतर आले तरी चालतील.