चेन कुरकुरली म्हणून सायकल टाकायची नसते गं

अगं, सायकल कुरकुरायला लागली म्हणजे ती संपली, असं कोणी सांगितलं तुला? मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळते, तीच ना ही? मग निदान बारावीपर्यंत तरी तिनं साथ द्यायलाच हवी. देईलही. दुखणं बहुतेक वेळा चेनचंच असतं.

खरं सांगू का, आवाज आला की आपण वरून भसाभस तेल ओततो, तिथेच घोटाळा होतो. उन्हाळ्यात पारोळा-धुळे रस्त्याची धूळ, पावसाळ्यात शेतवाटेची काळी माती. ती तेलाला चिकटली की पाट्यावरच्या वाटणासारखा लगदा होतो आणि आतल्या पिना झिजवत बसतो. म्हणून आधी पुसायचं, तेल नंतर.

जुन्या ओढणीचा तुकडा घे, चेनच्या खालच्या बाजूला धर आणि पायडल उलटं फिरव. दात्यांपासून बोटं लांब ठेव हं! फारच काळं असेल तर टूथब्रशवर थोडं रॉकेल घे. पण चुलीजवळ नको, अंगणात बस. रॉकेल मिळत नसेल तर भांड्यांचा साबण आणि कोमट पाणीही चालतं. फक्त फ्रीव्हीलवर नि चाकाच्या आसावर धार सोडू नकोस, आतलं ग्रीस निघून जातं. मग चेन पूर्ण कोरडी होऊ दे.

आता शिलाई मशीनचं तेल. प्रत्येक रोलरवर एकच थेंब. हो, शंभरावर कड्या आहेत, कंटाळा येणारच. हे काम रात्री कर आणि सकाळी बाहेरचं तेल कोरड्या फडक्यानं पुसून टाक. तेल आत हवं, बाहेर दिसलं की धूळ बोलावतं. आणि फोडणीचं तेल नको बाई! मी एकदा शेंगदाण्याचं घातलं होतं, तर गल्लीतल्या सगळ्या मुंग्या सायकलवर.

चेन काढून धुतलीस तर तिची टोकं जोडणारं लॉक बसवताना बघ: बंद टोक चेन ज्या दिशेनं पळते तिकडे, उघडं टोक मागे. उलटं बसलं तर वाटेत निसटू शकतं.

दुकानदार 'चेन ताणली, बदला' म्हणाला तरी लगेच पैसे काढू नकोस. लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही, पिना झिजल्या की लांबी वाढते. फूटपट्टी लाव. एका पिनेच्या मध्यापासून मोजलेल्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. साधारण ३ मिलिमीटर वाढल्या असतील तर मात्र बदल, नाहीतर चेनव्हीलचे दातेही जातील आणि खर्च दुप्पट.

हात काळे होतील, घाबरू नकोस. आधी गोडं तेल चोळ, मग साबण. आणि त्या दिवशी शाळेचा पांढरा ड्रेस घालून बसू नकोस, कळलं?