ट्रॅक्टरचा ताठर क्लच

मावळ-मुळशीच्या भातखाचरांत चिखलणी करून जुना ट्रॅक्टर पुण्यास दुरुस्तीस येतो, तेव्हां मालकाची तक्रार बहुधा एकच असते : क्लच पायानें दबत नाहीं. उतारावर असा ट्रॅक्टर वेळीं आवरत नाहीं, म्हणून वाचकांपैकीं ज्यांचे घरीं तो असेल त्यांनीं हयगय करूं नये. तथापि क्लचप्लेट गेली असें मानून गाडी मधून उघडण्याची घाई कशाला? त्या मजुरीचा भुर्दंड फार.

आधीं इंजिन बंद करून चाकांस दगड लावावे. पेडलाचा जोडदांडा सोडून पेडल एकटेंच हलवून पाहावें. तरीहि जड लागलें, तर दोष आंत नसून पेडलाच्या आडव्या दांड्यांत आहे. वाळलेलें ग्रीस, माती व गंज ह्यांनीं तो बुशांत धरलेला असतो. दांडा काढून डिझेलनें धुवावा, गंज पॉलिश पेपरनें घासावा, निपलाचें तोंड मोकळें करून ताजें ग्रीस भरावें. पेडल हलकें लागलें, तर मात्र बेअरिंग, फिंगर व प्रेशर प्लेट पाहण्यास जाणता मिस्त्रीच हवा.

जोडणी झाल्यावर पेडलाची मोकळी चाल पुस्तिकेबरहुकूम ठेवावी. पुष्कळ जुन्या गाड्यांत ती सुमारें 1 इंच असते. नांगरतांना पेडलावर पाय टेकून बसल्यास ती चाल नाहींशी होऊन बेअरिंग सतत घासत राहते.