कंबरदुखी : भीती सोडा, हालचाल सोडू नका



कंबरेत उसण भरली की आपल्या वस्त्यांत आजही पायाळू माणूस शोधतात. त्याची लाथ लागली की उसण जाते, असा समज. चार दिवसांत आराम पडतोही. कारण साधी उसण बहुधा आपोआपच ओसरते. श्रेय मात्र लाथेला! परंपरेने आले म्हणून मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तीच पारख इथे लावू या.

नवी समजूतही तितकीच घातक आहे : "मणक्यात गॅप आलाय, आता वाकायचं नाही." धुणीभांडी करणाऱ्या आमच्या एका ताईंनी एमआरआयचा कागद पाहून दोन महिने अंथरूण धरले. पगार बुडाला, अंगातली ताकद गेली, दुखणे वाढले. वास्तविक, कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या तपासणीतही विशीतल्या सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत मणक्यातील चकतीची झीज दिसते. केस पिकतात, तसेच हे.

फिजिओथेरपीतही समजूत आडवी येते. "शेक आणि करंटनेच बरं होईल" असे मानणारा घरी व्यायाम करत नाही. व्यायामाने थोडे दुखले की मणका झिजतोय असे वाटून तो सोडून देतो. दुखणे खोटे नसते. पण भीतीने अंग आखडते, हालचाल थांबते आणि दुखणे मुरते.

ताईंनी पाच मिनिटे चालण्यापासून सुरुवात केली. मग अर्धी बादली, मग पूर्ण. थोडे दुखत होते, तरी थांबल्या नाहीत. आज त्या कामावर आहेत. लांब दांड्याचा पोछाही त्यांनी मागून घेतला. तो हक्कच आहे. ओझे कमी करणे हाही उपचारच.

जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांची शिफारस केली. कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन सरसकट वापरू नये, असेही सांगितले.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा किंवा पायातली ताकद कमी होणे, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. ताप, वजन घटणे, रात्री वाढणारे दुखणे असेल, तर क्षयाची तपासणी करून घ्या. ती तिथे मोफत होते. पडल्यानंतर कंबर दुखत असेल, तरी आधी डॉक्टरांना दाखवा.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयावर बोलू या. कंबर धरून घरी बसलेल्या शेजारणीला सोबत आणा.