दिव्याभोवतीचे किडे आणि औंढ्याची दुर्बीण

प्रश्न : पहिला पाऊस पडला की ट्यूबलाइटभोवती पंखांचे किडे गर्दी करतात आणि सकाळी ओसरीवर नुसते पंख पडलेले असतात. काय करावे? औंढ्याला होणाऱ्या दुर्बिणीतून आम्हाला तारे दिसतील का?
– एक वाचक, ता. वसमत, जि. हिंगोली

उत्तर : ही वाळवीची नर-मादी. वारुळातून निघतात, थोडे उडतात, पंख गाळतात आणि जोडीने नवे बिऱ्हाड शोधतात. बहुतेकांचा शेवट पालीच्या पोटात होतो. किडे उडताना पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री जमिनीपेक्षा आकाश उजळ, त्यामुळे वर-खाली कळते. दिवा मध्ये आला की हिशेब चुकतो आणि ते घिरट्या घालत राहतात. तासभर दिवा मालवा, पंख झाडून टाका, फवारणीच्या खर्चात पडू नका. मात्र चौकटीवर मातीच्या नळ्या दिसल्या किंवा ठोकल्यावर लाकूड पोकळ वाजले, तर वाळवी घरात मुरली आहे. तेव्हा जाणकाराला बोलवा.

औंढा नागनाथजवळची ‘लायगो-इंडिया’ ही तारे पाहायची दुर्बीण नव्हेच. काटकोनातल्या ४-४ किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसर सोडून ती गुरुत्वीय लहरी टिपणार आहे. अशी लहर अमेरिकेत प्रथम टिपली गेली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी. दोन कृष्णविवरांच्या मिलनातून ती निघाली होती.

ताऱ्यांसाठी तुमची गच्ची पुरे. नोव्हेंबरातल्या अमावास्येला, रात्री आठ-नऊच्या सुमारास, अंगणातला दिवा मालवून पंधरा-वीस मिनिटे थांबा. डोक्यावर पुसट ढगासारखी देवयानी दीर्घिका दिसेल. तो उजेड सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.