मिनारच्या आलेखातील मितींची मांडणी

काव्य काळात उलगडते, चित्र अवकाशात, हा लेसिंगने १७६६ मधील ‘लाओकून’मध्ये केलेला भेद साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. बहुमितीय माहितीच्या आलेखात मात्र काळ आणि अवकाश एकाच कागदावर बसवावयाचे असतात. कादंबरीतील स्थळे, पात्रे व कालक्रम यांचे आलेख काढणाऱ्या साहित्यसंशोधकापुढेही हीच अडचण असते. या दृष्टीने चार्ल्स जोसेफ मिनार (१७८१–१८७०) या फ्रेंच अभियंत्याने १८६९ साली काढलेला, नेपोलियनच्या १८१२ मधील रशियास्वारीचा आलेख अभ्यसनीय ठरतो.

सैन्यसंख्या, अक्षांश, रेखांश, वाटचालीची दिशा, तापमान आणि तारीख अशा सहा मिती त्यात आहेत. तरीही दृष्टी गोंधळत नाही. सैन्य म्हणजे एक पट्टा. दर दहा हजार माणसांमागे त्याची रुंदी एक मिलिमीटर. जाणारे सैन्य तांबूस, परतणारे काळे. रुंदीला संख्येखेरीज आणि रंगाला दिशेखेरीज दुसरे काम दिलेले नाही. नीमन नदीकाठी ४,२२,०००, मॉस्कोत १,००,०००, अखेरीस १०,००० हे आकडे पट्ट्यालगतच असल्याने वाचकाला सूची धुंडाळावी लागत नाही. भूगोल जुजबी आहे: काही नद्या, काही गावे. आलेखाला आलेले सौंदर्य बव्हंशी या काटकसरीचे आहे. सजावट अशी त्यात जवळजवळ नाहीच.

मिन्स्क व मोगिल्येव्हकडे धाडलेल्या दाव्हू आणि जेरोम यांच्या तुकड्या मुख्य सैन्याबरोबरच चालल्या, असे मिनारने गृहीत धरले. घट डोळ्यांना सहज जाणवावी म्हणून वस्तुस्थितीला घातलेली ही मुरड त्याने आलेखावरच नमूद केली आहे.

तापमानाच्या रेषेविषयी मात्र आक्षेप घेता येतो. ती केवळ परतीच्या पट्ट्याखाली आहे. ६ डिसेंबरपाशी रेओम्यूर मापनातील उणे ३० अंश (उणे ३७.५ सेल्सियस) वाचताच थंडीनेच सैन्य संपविले, असा ग्रह होतो. वस्तुतः पट्टा सर्वाधिक आकसतो तो मॉस्कोला पोहोचण्यापूर्वी. वाटेत पोलोत्स्ककडे वळलेले ६०,००० आणि विल्नापाशी फुटलेले २२,००० वजा केले, तरी २,४०,००० माणसांची घट उरते. तोवर हिवाळा सुरूही झालेला नव्हता. उपासमार, रोगराई, लढाया आणि पलायन यांनी झालेल्या या हानीखाली मिनारने कोणतीच रेषा काढलेली नाही.